कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ : आधी दोन आकडे लिहून ठेवा

सोलापुरात बाळ झालं की पहिला प्रश्न "काय झालं?" आणि दुसरा "किती किलोचं हाय?" तिसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. नवजात बाळांच्या कक्षात मी नोकरीची बरीच वर्षं काढली. दाराबाहेर चादर अंथरून बसलेल्या आज्या, डबा घेऊन आलेले मामा, लूमवरची पाळी संपवून तसेच धावत आलेले बाप, सगळ्यांना बाळाचं वजन तोंडपाठ असायचं. चार भाषांचं गाव आपलं, पण मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चारही भाषांत चौकशी वजनाचीच. "किती आठवड्यांचं आहे?" असं मी विचारलं की मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "आठव्यातलं हाय सिस्टर. काचेत ठेवलंय. जगंल का ओ?"

त्या प्रश्नाचं खरं उत्तर वजन आणि आठवडे दोन्ही समोर असल्याशिवाय देता येत नाही. म्हणून इथपासूनच सुरुवात करू. औषधं आणि त्यांचे डोस डॉक्टरांकडे सोपवा. उरलेलं काम घरच्यांचं आहे आणि ते थोडंथोडकं नाही.

१. आठवडे आणि ग्रॅम

३७ आठवडे पुरे होण्याआधी आलेलं बाळ कमी दिवसांचं. ३२ ते ३७ मध्ये आलेली बाळं सगळ्यात जास्त असतात, २८ ते ३२ मधली नाजूक आणि २८ च्या आतली फारच नाजूक. वजनाची रेघ २,५०० ग्रॅमवर आहे. १,५०० च्या खाली गेलं की अतिशय कमी वजन.

आता तीन बाळं शेजारीशेजारी ठेवली आहेत असं समजा. पहिलं ३२ आठवड्यांचं, १,८०० ग्रॅम. दुसरं ३८ आठवड्यांचं, तेही १,८०० ग्रॅम. तिसरं ३४ आठवड्यांचं, १,३०० ग्रॅम.

पहिलं बाळ त्याच्या दिवसांच्या मानाने बरोबर वजनाचं आहे, फक्त लवकर आलंय. त्याची फुप्फुसं कच्ची असतात, मधेच श्वास घ्यायला विसरतं, चोखणं आणि गिळणं एकत्र जमत नाही. दुसऱ्याचे दिवस भरलेत, पण पोटात त्याला पुरेसं पोषण मिळालेलं नाही. त्याची फुप्फुसं तयार असतात, पण अंगात चरबी नसल्याने ते पटकन गार पडतं आणि रक्तातली साखर उतरते. काटा दोघांचं वजन एकच दाखवतो, पण दोघांवर लक्ष ठेवायचं ते वेगवेगळ्या गोष्टींसाठी. तिसरं बाळ लवकरही आलंय आणि दिवसांच्या मानाने बारीकही आहे. मला सगळ्यात जास्त काळजी असल्या बाळाची वाटते.

यामागे हिशोब आहे. २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २० ठिकाणच्या नोंदी, २० लाखांवर जन्म. पहिल्या २८ दिवसांत मृत्यूचा धोका कमी दिवसांच्या बाळांना साधारण ७ पट निघाला. दिवसांच्या मानाने बारीक बाळांना पावणेदोन पटींच्या वर, आणि दोन्ही असलेल्यांना १५ पट. दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही : महिना उलटल्यावरही कमी दिवसांच्या बाळांचा धोका अडीच पट राहतो. बारसं झालं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका म्हणते, ते याचसाठी.

आठवडे कसे काढायचे? शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरा. त्यात ९ महिने आणि ७ दिवस मिळवले की भरायची तारीख येते. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. "गड्ड्याची यात्रा होती, नंदीध्वजाच्या गर्दीत पाळी आली होती" असं बाई सांगते, आणि तेवढं पुरतं. पाळी १४ जानेवारीला, संक्रांतीला आली असेल तर भरायची तारीख २१ ऑक्टोबर. बाळ १ सप्टेंबरला आलं तर ते ३२ आठवडे ६ दिवसांचं. याहून खात्रीचा आधार म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी. सातव्या महिन्यात पहिल्यांदा केलेली सोनोग्राफी बारीक बाळाला कमी दिवसांचं ठरवू शकते, मग सगळाच हिशोब चुकतो. म्हणून पहिली सोनोग्राफी वेळेत करा आणि तो कागद माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवा.

जाता जाता एक. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हे मी हजार वेळा ऐकलंय. शिकलेल्या घरांतही. तसं काही नसतं. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या कामी येतो, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं. या समजुतीचा तोटा असा की घरचे मनातून आधीच हार मानतात आणि आईला दूध काढायलाही कोणी बसवत नाही.

२. बाळ यायच्या आधी

कमी दिवसांच्या बाळाला हलवायचं असेल तर सगळ्यात चांगली गाडी म्हणजे आईचं पोट. करमाळ्याहून सोलापूर शंभराहून जास्त किलोमीटर आहे, अक्कलकोटहून चाळीसेक. जन्मलेलं १,२०० ग्रॅमचं बाळ तेवढ्या अंतरावर नेणं आणि कळा सुरू झालेल्या आईला नेणं, यात फार फरक आहे. म्हणून ३७ आठवड्यांच्या आत पोट थांबून थांबून कडक होऊ लागलं, कंबर दुखू लागली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर "सकाळी बघू" नको. १०८ किंवा १०२ ला फोन लावा. १०२ ची गाडी खास गरोदर बाया आणि बाळांसाठीच आहे, पैसे पडत नाहीत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर एक प्रश्न विचारा : "बाळाच्या फुप्फुसाचं इंजेक्शन द्यायचं आहे का?" ते डेक्सामेथासोन. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान लवकर बाळंत होण्याची लक्षणं असतील तर आईला १२-१२ तासांनी चार वेळा देतात. स्वस्त औषध आहे, कच्च्या फुप्फुसांना तयार करतं. पहिला डोस देऊन मग पुढे पाठवता येतं. मात्र ते डॉक्टरांनी तपासून द्यायचं, मेडिकलमधून आणून घरी टोचायचं नाही. आठवड्यांचा आकडा इथेही लागतोच, तो माहीत नसेल तर डॉक्टरांनाही अंदाजाने चालावं लागतं.

कुठे जायचं? जिथे आजारी नवजातांचा विशेष कक्ष, म्हणजे एसएनसीयू, आहे तिथे. सोलापूर शहरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आपलं सिव्हिल, आहे. तालुक्याच्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना सातव्या महिन्यातच विचारून ठेवा की आपल्याला जवळचा एसएनसीयू कोणता, आणि फोन नंबर दारामागे लिहा. सरकारी रुग्णालयात आईचं बाळंतपण आणि आजारी बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, येण्याजाण्याची गाडीसुद्धा.

बाळ लवकर का येतं, याचं उत्तर पुष्कळदा सापडत नाही. जुळं, वाढलेला रक्तदाब, अंगात रक्त कमी, लघवीचा जंतुसंसर्ग, कोवळं वय, दोन बाळंतपणांत दोन वर्षांहून कमी अंतर, ही नेहमीची कारणं. यातली निम्मी तपासणीत सापडतात आणि आवरतात. पण सोलापुरात एका कारणावर मला जास्त बोलायचंय : तंबाखू. "आमची सून कुठं तंबाखू खाते?" असं म्हणणाऱ्या सासूबाईच सकाळी सुनेला मिश्री देतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईत बाराशेवर गरोदर बायांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री आणि तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि ६ दिवस आधी आली. १०५ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण १,६०० च्या बाळाला ते फार आहेत. पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात, ते पोटाचं काम आहे, ते सोडा असं सांगायला मला तोंड नाही. पण सूप-पान-तंबाखू गरोदर बाईच्या आणि पुढे बाळाच्या झोपायच्या खोलीतून बाहेर काढता येतं.

३. पहिला तास

बाळंतपणाच्या पिशवीत धुतलेले, कोरडे चार टॉवेल ठेवा. टॉवेल आपल्या गावातच विणले जातात, त्यात कंजुषी नको. एकाने बाळ पुसायचं, तो ओला टॉवेल लगेच बाजूला टाकायचा आणि दुसरा कोरडा घ्यायचा. ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं बाळ म्हणजे ओल्या कपड्यांत वाऱ्यावर उभा केलेला माणूस. टोपी, मोजे. बाळ रडत असेल, श्वास बरा असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापतात, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं. मग बाळ आईच्या उघड्या छातीवर. पंखा आणि कूलर बंद. वजन त्यानंतर, अंघोळ तर नाहीच.

"मे महिन्यात सोलापुरात ४२ डिग्रीत बाळाला थंडी कशी वाजेल?" हा प्रश्न मला एका शिक्षकाने विचारला होता. वाजते. बाळाचं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. ओलं अंग, वर कूलरचा झोत, आणि अंगावर चरबी नाही, एवढ्यात ते ३६ च्या खाली उतरतं. गार पडलेलं बाळ ऊब करण्यात साखर जाळतं, साखर उतरली की सुस्त होतं, सुस्त झालं की पीत नाही. जीव जातो तो असा, आवाज न करता.

४. ऊब : कांगारूसारखं, पण लुगड्यात

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. त्यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. गरिबीतून निघालेली ही युक्ती आज श्रीमंत देशांतही वापरतात. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की आधी पेटी, बाळ स्थिर झालं की मग आईची छाती. ते बदललंय. भारतासह पाच देशांत १ किलो ते १,८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांवर मोठा अभ्यास झाला, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. २०२१ साली त्याचा निकाल आला. जन्मल्यापासूनच छातीवर ठेवलेल्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासून रोज ८ ते २४ तास, जमेल तेवढं जास्त, छातीशी ठेवा. श्वासाचं यंत्र लागणारी, फार अस्थिर बाळं याला अपवाद.

करायचं कसं ते नीट वाचा.

आईने समोरून उघडणारा गाऊन किंवा ब्लाऊज घालावा, ब्रा काढून ठेवावी. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. बाळ दोन्ही स्तनांच्या मधे उभं धरा, छातीला छाती लागलेली. डोकं एका बाजूला वळलेलं आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. हनुवटी छातीवर टेकली तर श्वास कोंडतो, मान फार मागे गेली तरी कोंडतो. पाय बेडकासारखे दुमडलेले, हातही दुमडलेले. खाली एका हाताने ढुंगणाला आधार. मग जुनं, मऊ, सुती लुगडं घ्या. त्याची पट्टी बाळाच्या कानाच्या खालच्या कडेपर्यंत येईल अशी आईच्या अंगाभोवती बांधा. छातीवर घट्ट, पोटावर जरा सैल, कारण बाळ पोटाने श्वास घेतं. वरून गाऊन. जानेवारीतल्या रात्री वरून सोलापुरी चादर आईच्या खांद्यांवरून घ्या. जाड चादर एकट्या बाळावर कधीही टाकू नका, ती तोंडावर सरकते.

एका वेळी तासाच्या आत काढू नका. सारखं ठेवणं-काढणं बाळाला दमवतं. आई टेकून बसू शकते, अर्धवट रेलून झोपू शकते, चालू शकते. पूर्ण आडवं झोपायचं नाही. आईला अंघोळीला, जेवायला जायचंय तेव्हा आजी, मावशी किंवा बाप छाती देतो. बापाची छातीही तेवढीच ऊब देते. आमच्याकडे एक बाप शर्ट काढायला लाजून दोन दिवस बाहेरच घुटमळत होता. तिसऱ्या दिवशी बसला, आणि मग उठायलाच तयार नव्हता. तंबाखू-गुटखा थुंकून, आंघोळ करून, धुतलेलं धोतर-पँट घालून या, एवढीच अट.

घरी तापमापक नसेल तर हाताची मागची बाजू वापरा. बाळाचं पोट आणि तळपाय दोन्ही ऊबदार म्हणजे ठीक. पोट ऊबदार, पाय गार म्हणजे थंडी लागू लागली आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार म्हणजे छातीशी बांधूनच दवाखाना गाठा. उन्हाळ्यात उलटंही बघा : बाळ लाल, तापलेलं, श्वास भरभर. अशा वेळी एक थर काढा, खोली हवेशीर करा, आईला पाणी द्या. दुपारच्या पत्र्याच्या खोलीत टोपी-मोजे-चादर असा सगळा थाट करू नका, दुसऱ्या खोलीत न्या.

बाजेखाली शेगडी? बाळ येण्याआधी खोली गरम करून शेगडी बाहेर काढा. बंद खोलीत धुमसणारे कोळसे विषारी वायू सोडतात, आणि धुरीने कच्च्या फुप्फुसांचं काय होतं ते मी पाहिलंय. धुरी, ओवा-शेपा आईसाठीही दुसऱ्या खोलीत.

५. दूध

कमी दिवसांच्या बाळाला आईचं दूध हे औषधच आहे. त्यातही पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक. तो दाबून टाकून देण्याची रीत अजून काही घरांत आहे. चीक थेंबभर असला तरी वाटीत घ्या. मध, गुळाचं पाणी, बाळगुटी, उगाळलेलं सोनं, काही नाही. कच्च्या आतड्याला हे सोसत नाही.

साधारण ३४ आठवड्यांच्या आधी चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. अशा बाळाला अंगावर पाजायला गेलं तर ते दमतं, ठसकतं, दूध श्वासनळीत जातं. म्हणून सुरुवातीला नाकातोंडातून नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग अंगावर. बोंडलं हा आपल्या आज्यांच्या घरातला शब्द आहे आणि रुग्णालयातही त्याच आकाराची स्टीलची पळी वापरतात. बाटली मात्र नको, ती नीट उकळली जात नाही.

आईने दूध काढायला बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा काढावं. रात्रीचं एक तरी चुकवू नका. "दूधच नाही" म्हणणाऱ्या दहा बायांमधल्या नऊजणींना कोणी वेळेवर काढायला बसवलेलं नसतं, हा माझा अनुभव. हात साबणाने धुवा. गरम ओल्या फडक्याने छाती शेका, हलकं चोळा. मग अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या मागे ठेवा. आधी छातीकडे मागे दाबा, मग एकमेकांकडे दाबा, सोडा. बोंडशी ओढायची नाही. दुखत असेल तर पद्धत चुकतेय. उकळलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या वाटीत घ्या. सावलीत, गार जागी चार तास टिकतं, एप्रिल-मेच्या सोलापुरात त्याहून कमी धरा. फ्रिजच्या आतल्या कप्प्यात २४ तास. कोमट करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवून, गॅसवर नाही.

बोंडल्याने पाजताना बाळ जागं हवं आणि मांडीवर जवळजवळ बसतं धरलेलं. टोक ओठांच्या कोपऱ्यात टेकवा, दूध जिभेला लागू द्या, गिळलं की पुढचं. घशात ओतायचं नाही. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. कमी दिवसांचं बाळ भुकेने रडून उठवत नाही, ते झोपून राहतं, आणि घरचे म्हणतात "किती गुणाचं आहे." त्या गुणी बाळाला गजर लावून उठवा.

आईला दूध येतच नसेल तर दुसऱ्या आईचं तपासलेलं दूध मिळतं का ते विचारा. दुधाच्या पेढीची कल्पना आपल्याकडे जुनी आहे, मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली पेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पाणी घातलेलं गाईचं दूध हा पर्याय नाही.

पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, कमी दिवसांच्या बाळाचं कधी थोडं जास्तही. घाबरू नका. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर यायला हवं आणि पुढे किलोमागे रोज साधारण १५ ग्रॅम वाढायला हवं. एकाच काट्यावर, कपडे काढून, आठवड्यातून एकदा मोजा. रोज तीन काट्यांवर मोजून रोज तीनदा रडू नका.

६. हात

हा भाग छोटा आहे, पण सोडू नका. बाळाला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत साबण. अंगठ्या, बांगड्या काढून. नाळेला काहीही लावायचं नाही, हळद, तेल, राख, शेण, पावडर, काहीच नाही. कोरडी राहू द्या, गळेल. काजळ नको. पाचवीला घरात गर्दी होते तेव्हा बाळ आईच्या छातीवरच ठेवा आणि पाहुण्यांनी लांबून बघावं. सर्दी झालेल्या आत्याला दारातूनच चहा द्या, राग आला तर येऊ द्या. अंघोळ वजन चांगलं वाढू लागेपर्यंत ओल्या फडक्याने पुसण्यावर भागवा, आणि तेल चोपडणं वेगळं, रगडणं वेगळं.

७. कक्षात आत काय चालतं

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या, केनेडींच्या घरी मुलगा झाला. साडेचौतीस आठवड्यांचा, २,१०० ग्रॅम. दोन दिवसांत गेला. फुप्फुसं उघडी ठेवणारा पातळ थर कमी पडला, आणि तेव्हा जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाकडेही त्याला उपाय नव्हता. आज तेवढं बाळ आपल्याकडच्या चांगल्या कक्षातून बहुतेक वेळा घरी जातं. नाकातून दाबाने हवा देणारं सीपॅप, तो थर भरून काढायला फुप्फुसात सोडायचं सरफॅक्टंट, गरम बिछाना, काविळीसाठी निळा दिवा, मोजून दिलेला ऑक्सिजन. हे आलं आणि चित्र पालटलं.

सगळीकडे सारखं नाही पालटलं. गरीब देशांत ३२ आठवड्यांच्या किंवा आधीच्या बाळांपैकी निम्मी जातात, आणि तीही बहुतेक ऊब, दूध, जंतुसंसर्गावरचा साधा उपचार, श्वासाला आधार एवढं न मिळाल्याने. श्रीमंत देशांत जवळपास सगळी वाचतात. आपण मधे कुठेतरी आहोत. हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत देशात २०, महाराष्ट्रात ११ आणि केरळात ४ होते.

आत रोज एकदा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : श्वास कसा आहे, दूध किती एमएल चाललंय, आज वजन किती. आणि चौथं, आईला छातीशी कधी घेता येईल. "काच" बाळाला आईपासून तोडायला नसते. एका ठिकाणी मात्र आईला चार-चार दिवस आत सोडत नव्हते, दूधही बाहेरूनच मागवत. तसं असेल तर नम्रपणे, पण रोज विचारत राहा.

८. घरी आल्यावर

डिस्चार्जचा कागद वाचून घ्या. त्यावर आठवडे, जन्मवजन, घरी जातानाचं वजन, सुरू असलेले थेंब (ड जीवनसत्त्व, पुढे लोह) आणि पुन्हा दाखवायची तारीख असायला हवी. नसेल तर तिथेच मागा.

आशाताई घरी येतील. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना बाळाचं वजन, तापमान, श्वास बघायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली छापलं गेलं. देशाने ती २०११ मध्ये उचलली. आशाताई आल्या की चहापाण्याबरोबर काटाही बाहेर काढायला सांगा. बाळ झोपलंय म्हणून परत पाठवू नका.

खालीलपैकी एकही दिसलं तर वाट बघायची नाही :

- दूध पीत नाही, किंवा आधी पीत होतं ते कमी झालं
- हलवल्याशिवाय हालचाल नाही, अंग लुळं
- झटके
- मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास (बाळ शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, जास्त आले तर पुन्हा मोजा), बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं
- श्वास थांबणं, ओठ निळे
- अंग गार किंवा ३७.५ च्या वर ताप
- पहिल्या २४ तासांत पिवळेपणा, किंवा केव्हाही तळहात-तळपाय पिवळे
- पोट फुगणं, हिरवी उलटी, नाळेभोवती लाली किंवा पू

जाताना बाळ छातीशी बांधूनच न्या, मोटारसायकलवर चादरीच्या गाठोड्यात नाही. पीत असेल तर निघण्याआधी पाजा. नवजातांच्या मृत्यूंपैकी साधारण तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात, तेव्हा या दिवसांत "उद्याच्या ओपीडीला" हा शब्दच विसरा.

९. डोळे, कान आणि कॅलेंडर

२,००० ग्रॅमच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासून घ्यायचा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १,२०० ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. ऑक्सिजन मिळालेल्या, लवकर आलेल्या बाळांत पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. बाहेरून डोळा काळाभोर, सुंदर दिसतो. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन झालं तर दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमची जाते. आठवड्यांचा आणि ग्रॅमचा आकडा कागदावर नसला तर ही तपासणी हुकते. कानांची तपासणीही पहिल्या महिन्यात करून घ्या.

कॅलेंडर घ्या, भिंतीवरचं, आणि त्यावर दोन तारखा लिहा : खरी जन्मतारीख आणि भरायची तारीख. लसी पहिल्या तारखेने, म्हणजे १ सप्टेंबरच्या बाळाला १ सप्टेंबरपासून मोजून, उशीर न करता. पण मान धरणं, हसणं, पालथं पडणं हे सगळं दुसऱ्या तारखेने, २१ ऑक्टोबरपासून मोजायचं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेजारीण येईल आणि म्हणेल, "सहा महिन्यांचं झालं की ओ, आमचं तर बसाया लागलं होतं." तिला कॅलेंडर दाखवा. तुमचं अजून साडेचार महिन्यांचंही झालेलं नाही.